दात बसवल्यावर

कुमुदिनीबाईंच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत आम्ही बावीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं. निवृत्तीनंतर त्यांनी कराडहून लिहिलं होतं, ‘काचबिंदूनं नजर जात चालली आहे. दिसतंय तोवर एकदा तुम्हाला पाहायचं आहे. याल ना?’

त्याच आठवड्यात माझा पुढचा दात काढला होता. अशा तोंडानं कसं जायचं? नवा दात बसवून मगच जाऊ, असं ठरवलं. दातांच्या डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, “रिकाम्या जागेत हाडाची पूड भरून ठेवू, म्हणजे हिरडी खचणार नाही.” मी म्हणालो, “विचार करून सांगतो.”

काल पुन्हा त्यांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी नवा एक्स-रे उजेडात धरला.

“काका, हाड म्हणजे तुमच्या लायब्ररीतलं पुस्तक नव्हे, की कधीही या आणि जागेवर सापडेल. ते झिजलंय. हिरडीही वर गेलीय. इम्प्लांट कसाबसा बसेल, पण दात लांबडा दिसेल.”

“चांगला दिसावा म्हणून काही करता...”

“तेव्हा करता आलं असतं.”

घरी आलो तर कुमुदिनीबाईंच्या भाचीचं कार्ड पडलं होतं. ‘मावशीला आता काहीच दिसत नाही. तुमचं पत्र आलं का, असं मात्र रोज विचारते.’

मी बसून चार पानं लिहिली. मग लक्षात आलं, ती त्यांना भाचीच मोठ्यानं वाचून दाखवणार. पानं फाडली आणि एका कार्डावर लिहिलं, ‘माझी प्रकृती ठीक आहे. आपण काळजी घ्यावी.’

ते टपालपेटीत टाकलं.