परतीचा रस्ता

“सीमा ओलांडल्यावरचा घाट मी चढवणार. तू उगाच क्लच जाळतोस,” भूतानच्या नकाशावर बोट ठेवून केरबा म्हणाला.

“आणि तू वळणावर हॉर्न विसरतोस, त्याचं काय रे?” लखोबानं खाटेवरूनच टोला हाणला.

दोघेही म्हातारे ट्रकड्रायव्हर. बायको गेल्यापासून केरबा रोज संध्याकाळी लखोबाच्या माडीवर येई आणि थिंफूपर्यंतचे मुक्काम ठरत, बदलत. चार वर्षं हेच चाललेलं. आज मात्र केरबानं खिशातून रेल्वेची दोन तिकिटं काढली. “सिलिगुडीहून जीप सांगितलीय. सोमवारी निघायचं.”

लखोबाचा चेहरा उतरला. “गड्या, मला जिना उतरवत नाही. दिसत नाही होय तुला?”

“मग चार वर्षं माझ्याशी भांडलास कशाला?”

लखोबानं भिंतीकडे तोंड फिरवलं. “बेत मोडला असता, तर तू रोज कशाला आला असतास?”

केरबाला आपलं कुलूपबंद घर आठवलं. तिकिटं खिशात घालून तो खाटेच्या कडेला टेकला. “परतीचा रस्ता तर आपण ठरवलाच नाही,” तो हळूच म्हणाला.

“लांबचा धरू,” लखोबा म्हणाला.