गोड बिअरचं टेबल

"शी!" ऑर्व्हिल क्लुगनं घोट तोंडात फिरवला न फिरवला तोच बादलीत थुंकला. "ही बिअर आहे की कुणाच्या वाढदिवसाचा उरलेला केक?"

"दोन्ही," कोल्टन म्हणाला. "चॉकलेट केक, मध्ये रास्पबेरीचा थर. कागदावर लिहिलंय की."

दाढीवाला कोल्टन आणि शाळेत नर्स असलेली रोंडा, हे त्याच्या टेबलावरचे बाकीचे दोन परीक्षक. केलर फॉल्सच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये घरी बिअर बनवणाऱ्यांची वार्षिक स्पर्धा चालली होती. आपली बाटली ज्या गटात, त्या गटाचं परीक्षण आपण करायचं नाही, असा नियम. ऑर्व्हिलची बाटली लागर, म्हणजे साध्या फिकट बिअरच्या गटात. म्हणून त्याच्या नशिबी आलं हे गोड टेबल. मार्शमेलोची बिअर, डोनटची बिअर, पोरं सकाळी दुधात बुडवून खातात त्या रंगीत चकत्यांची बिअर! एकेक ग्लास समोर आला की तो बादली जवळ ओढायचा.

"पाणी, सातू, हॉप्स, यीस्ट," तो म्हणाला. "याच्यापलीकडे जो काही घालतो ना, त्याला हॉलबाहेर काढला पाहिजे."

"हे प्रवचन गेल्या वर्षीही झालं, ऑर्व्हिल," रोंडा म्हणाली. "पुढचा ग्लास घे."

म्हातारा नेहमीच घुश्शात असायचा, पण यंदा त्याला कारणही होतं. गावची जुनी स्टाडलर ब्रुअरी पहिल्या आलेल्याची बिअर आपल्या टाक्यांमध्ये बनवणार होती. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव, फोटोसकट. ऑर्व्हिलच्या बापानं त्याच ब्रुअरीत जन्मभर बाटल्या भरल्या, दुसऱ्यांच्या नावाच्या. क्लुग हे नाव एकदा तरी त्या बाटलीवर यावं, एवढी एकच गोष्ट ऑर्व्हिलच्या जिवाला लागून राहिली होती. सत्तरी उलटली होती. भरलेलं पातेलं आता उचलवत नव्हतं. यंदा नाही तर कधीच नाही.

आणि यंदाची लागर झकास उतरली होती. आंबून झाली रे झाली की थेट गारठ्यात; लोण्यासारखा वास उडावा म्हणून बाकीचे दोन दिवस उबेत ठेवतात, तसले लाड नाहीत. बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी तर नेहमीच म्हणायची, "ऑर्व्हिल, तुझी बिअर डोळे मिटून ओळखू येते बरं का!" तो नुसता मान डोलवायचा.

"वा!" रोंडानं पुढच्या ग्लासातून नाक वर काढलं. "बिस्किटातलं लोणी काय छान उतरलंय!"

ऑर्व्हिलनं हुंगून पाहिलं. साखर. नुसती साखर.

"लोणी कसलं डोंबलाचं? थापा मारतोय लेकाचा."

"अहो, एवढा घमघमाट सुटलाय!" कोल्टन म्हणाला.

"तुझ्या दाढीला येत असेल."

एवढ्यात बाटल्या फिरवणारी डॉटी आली. लेबल नसलेली, नुसता नंबर चिकटवलेली एक बाटली तिनं टेबलावर ठेवली. "ही शेवटची. दुसऱ्या टेबलानं इकडे पाठवलीय. फॉर्मवर खूण चुकीच्या गटावर केली असणार म्हणे."

असं दरवर्षी व्हायचं. मघाशी यांच्याच टेबलावरून एक कॉफीची बिअर दुसरीकडे रवाना झाली होती.

"आपण काय बनवलंय तेसुद्धा कळत नाही यांना!" ऑर्व्हिल करवादला. "आणि निघाले बिअर बनवायला!"

कोल्टननं ग्लास नाकाशी नेला आणि खुर्चीतून उठलाच. "पॉपकॉर्न! अगदी थेटरातलं, लोण्यात निथळणारं पॉपकॉर्न!"

रोंडानं घोट घेऊन डोळे मिटले. "अगं बाई! हे जमवलं कसं याने?"

ऑर्व्हिलच्या तोंडात नुकताच घोट गेला होता. पॉपकॉर्न म्हटल्यावर त्याला असा उमासा आला की जिभेला काही कळायच्या आत सगळं बादलीत. बादलीत गुलाबी-तपकिरी मचूळ पाणी साठलं होतं, त्यावर मार्शमेलोचा फेस. त्यानं तोंड फिरवलं आणि कागदावर सर्वांत कमी गुण मांडले. खाली शेरा ओढला, 'बनवणाऱ्यानं दुसरा छंद शोधावा.'

"अरे, नीट चाखलीस तरी का?" रोंडा चिडली. "अन्याय होतोय कुणावर तरी."

"होऊ दे. ओकारी आहे हे कळायला ती चाखावी लागत नाही."

पण दोघांपुढे एकट्याचं काय चालणार? गोड टेबलावर पॉपकॉर्न पहिलं आलं. प्रत्येक गटातली पहिली बाटली शेवटच्या निवडीसाठी ब्रुअरीच्या मालकीणबाई ग्रेचेन स्टाडलर यांच्याकडे गेली. त्या सावकाश, एकेक घोट घेत बसल्या. ऑर्व्हिलचा जीव टांगणीला लागला. बापानं घाम गाळला त्या टाक्यांत पॉपकॉर्न शिजणार?

ग्रेचेनबाई उठल्या. त्यांनी माइक हातात घेतला.

"यंदाचा विजेता, ऑर्व्हिल क्लुग!"

त्याला आधी ऐकूच आलं नाही. मग रोंडानं त्याला मिठी मारली, कोल्टननं पाठीत गुद्दा घातला, सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. ऑर्व्हिल पुढे गेला. डोळे घळाघळा वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

"माझे वडील आज हवे होते," तो माइकवर म्हणाला. "सगळे थेर करून झाले, पण शेवटी जिंकली ती खरी बिअर. पाणी, सातू, हॉप्स आणि यीस्ट. बाकी चिमूटभरसुद्धा काही नाही!"

ग्रेचेनबाई इतक्या खळखळून हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"पुरे झाली हो थट्टा," माइक बाजूला करून त्या म्हणाल्या. "सोमवारी टाकी लावायचीय. लोणी नेमकं किती घालता, तेवढं सांगा."