बेअरिंगमधला कचरा

पडदा उघडायला अर्धा तास होता. सभागृहाच्या मागच्या खोलीत, आरशासमोरच्या फळीवर जुना टॉवेल अंथरून तिनं यो-यो उघडला. दोन्ही वाट्या उलट्या दिशेनं पिळल्या की तो सुटायचा. मधल्या दांड्यावर शर्टाच्या बटणाएवढं बेअरिंग बसलेलं होतं. ते तिनं चिमट्यानं ओढून काढलं.

नवरा तिच्या पाठीमागे उभा होता.

"नीट बघ," तो म्हणाला. "त्यातच काहीतरी अडकलंय. गेल्या रविवारी ऐन वेळी दोरा धरला त्यानं. नाहीतर माझा नेम चुकत नाही."

गेल्या रविवारच्या खेळात तिनं दातांत धरलेला खडू उडवायच्या ऐवजी यो-यो तिच्या गालावर बसला होता. डोळ्याच्या खाली दोन बोटांवर. भरीव धातूचा यो-यो. निळा डाग आता पिवळा पडत चालला होता आणि त्यावर पावडरचे तीन थर होते. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

"आज खडू राहू द्यायचा का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"लोक त्याच्यासाठीच येतात. आणि चूक माझी होती का?"

"तसं कुठं म्हणाले मी."

टाचणीच्या टोकानं तिनं बेअरिंगच्या कडेची बारीक तार उचकटली. वरचं झाकण निघालं, आतले छर्रे दिसले. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल तिनं एका छोट्या बाटलीत ओतलं, बेअरिंग त्यात टाकलं आणि बूच लावून बाटली खळखळून हलवली. कचरा असला की पेट्रोल राखेसारखं गढूळ व्हायचं, दोऱ्याचे तंतू वर तरंगायचे. हे काम कायम तिचंच. तिला ते झोपेतही जमलं असतं.

तिनं बाटली दिव्यासमोर धरली. पेट्रोल पाण्यासारखं स्वच्छ होतं.

तिनं पुन्हा हलवली. पुन्हा धरली. काही नाही.

बेअरिंग बाहेर काढून तिनं टॉवेलवर टिपलं, फुंकर मारून वाळवलं, पेन्सिलीच्या टोकावर चढवलं आणि नखानं टिचकी मारली. ते फिरायला लागलं. बारीक, एकसारखा आवाज करत फिरत राहिलं. कुठं अडखळेल म्हणून ती वाट बघत होती. ते अडखळलं नाही.

बेअरिंगला काहीच झालेलं नव्हतं. रविवारीही झालेलं नसणार.

तिनं आरशात पाहिलं. तो बाहीचं बटण लावत होता. बटण काजाजवळ जायचं आणि बाजूनं निसटायचं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा त्यानं उजवं मनगट पोटाशी दाबून धरलं, तेव्हा कुठं ते लागलं. ती बघतेय हे लक्षात आल्यावर त्यानं उजवा हात पँटच्या खिशात घातला.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

तिनं पटकन बाटलीतलं पेट्रोल कापसाच्या बोळ्यात ओतलं आणि बोळा मुठीत दाबला.

"कचरा," ती म्हणाली. "दोऱ्याचं तूस. छर्र्यांमध्ये गुंडाळून बसलं होतं."

त्यानं मोठा श्वास सोडला. "तरीच. बघ, मी म्हटलं नव्हतं?"

खरं सांगितलं असतं तरी त्यानं खडूचा खेळ सोडला नसता. फक्त घाबरलेल्या हातानं यो-यो फेकला असता. आणि समोर तिलाच उभं राहायचं होतं.

आता तेल. सुईच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं तर यो-यो खाली फिरत राहत नाही, मनाला येईल तेव्हा हातात परत येतो. तिनं सुई बेअरिंगवर नेली, पण थेंब टॉवेलवर पडला. दुसऱ्या थेंबाला तिनं कोपर फळीवर टेकवलं. मग यो-यो जोडून, रोजच्यापेक्षा जरा जास्तच घट्ट पिळून तिनं तो त्याच्या हाती दिला.

रंगमंचावर ती आडवी उभी राहिली, चेहऱ्याची एक बाजू प्रेक्षकांकडे. दातांत खडू. तिला समोर फक्त नवऱ्याचे बूट दिसत होते. वर बघायचं नाही, हे तिनं पहिल्या दिवसापासून पाळलं होतं. दर वेळी इथं तो म्हणायचा, "हिचं तोंड बंद ठेवायचा एवढा एकच उपाय मला सापडलाय," आणि सभागृह हसायचं. आज त्यानं ते वाक्य गाळलं. यो-यो खाली सुटल्याचा आवाज आला. घुंई. मग तो आवाज थांबला.

बूट तिच्या दिशेनं येऊ लागले. तो अगदी जवळ आला.

"दोन पावलं मागं हो," तो कानाशी म्हणाला.

खडूमुळे तिला बोलता येईना. तिनं डोळे वर केले. त्याच्या ओठावर घाम होता.

"मागं हो म्हणतो ना."

ती दोन पावलं मागं झाली. यो-योचे दोरे तीच मापून कापायची. इथवर यो-यो पोचणार नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

आवाज सुरू झाला, वाढला, अंगावर आला आणि खडूपासून वीतभर अंतरावरून परत फिरला. त्याच्या तळव्यावर थप्प वाजलं. त्यानं दुसऱ्यांदा फेकला. पुन्हा वीतभर अलीकडे. कुणीतरी हसलं. मागच्या रांगेतून शिटी आली. त्यानं सावकाश दोरा गुंडाळला, बोटातला फास काढला आणि खेळ इथंच संपतो अशा थाटात लोकांना वाकून नमस्कार केला. इकडेतिकडे थोड्या टाळ्या पडल्या.

मग तो खडू काढून घ्यायला तिच्याकडे आला. तिनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. जबडा हलेना. दात खडूत रुतून बसले होते.

"नाही येणार यो-यो आता," तो हळूच म्हणाला. "सोड."