चॉकलेटवर पाणी

१९५१ सालच्या मे महिन्यात आमच्या चर्चच्या बायकांची बस लूर्दच्या मातेच्या यात्रेला निघाली आणि सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या बायोनला, तासभर थांबली. तिथे कमानींखालच्या गल्लीत एकाला एक लागून चॉकलेटची दुकानं आहेत. आधी दर्शन, मग खाणं, असं फादरांनी बजावलं होतं. त्यावर माता काही पळून जात नाही, चॉकलेट मात्र उन्हानं वितळेल, असं एकीनं सुनावलं आणि सगळी बस हसली. ब्रिहिदा हसली नाही. तिनं आपल्या मुलीचा, फेलिसाचा, दंड घट्ट धरून ठेवला होता.

ती चॉकलेटसाठी आलीच नव्हती. देशातल्या यादवी युद्धात आमची बाजू हरली तेव्हा तिचा मुलगा हुस्तो सीमा ओलांडून पळाला होता, आणि तो याच गावात होता. बारा वर्षांत भेट नव्हती. सीमेपलीकडे ये-जा करणाऱ्या एका मासळीवालीच्या तोंडी त्याचा निरोप आला होता: कोपऱ्यावरच्या दुकानात बसा, मी गिऱ्हाईक म्हणून येईन, आई आधी बोलली तरच मी बोलेन. अशा माणसाला भेटल्याचं कळलं तर परतताना सीमेवरच्या पुलावरच शिपाई बसमधून उतरवत. फेलिसाचा बाप तर नुकताच तुरुंगातून सुटून आला होता.

दुकानात दोघींनी गरम चॉकलेटचे दोन कप मागवले. वर फेसाचा डोंगर. आमच्याकडचं चॉकलेट चमचा उभा राहील इतकं दाट. ब्रिहिदानं ओठ लावला आणि कप खाली ठेवला.

"हा नुसता साबणाचा फेस," ती पुटपुटली. "पोरगा बारा वर्षं हे पितोय."

खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी एक माणूस फ्रेंच वर्तमानपत्र उघडून बसला होता. ब्रिहिदाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. पण त्याचा कप आला, त्यासोबत पाण्याचा मोठा पेला आला. त्यानं चॉकलेट संपवलं, पेला उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. चॉकलेटवर गार पाणी पिणं ही आमची रीत. फ्रेंच माणूस असं करत नाही.

ब्रिहिदानं ते पाहिलं.

"वर बघू नकोस," ती फेलिसाला हळूच म्हणाली. "तो आपल्याकडचा आहे."

फेलिसानं विचारलं, तोही पळून आलेला असेल ना. आईनं नकारार्थी मान हलवली. पळून आलेला माणूस खिडकीशी असा पाय पसरून बसत नाही, फ्रेंच पेपर वाचायचं सोंग घेत नाही. हा पोलिसांचा माणूस. बसच्या मागावर आलेला.

उठून जावं तर हुस्तोची दारातच गाठ पडेल. बसून राहावं तर तो आत येईल.  फेलिसा दाराकडे बघत राहिली.

तेवढ्यात दार उघडलं आणि हुस्तो आत आला. गाल बसलेले, कानांवरचे केस पांढरे. वय मात्र तिशीच्या आत. त्यानं काउंटरवर दालचिनीची एक वडी मागितली आणि वळून आईकडे पाहिलं. मग एक पाऊल पुढे टाकलं.

"फेलिसा, तोंड तिकडे कर," ब्रिहिदा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "इथले पुरुष बायकांकडे काय टक लावून बघतात. लाज नाही."

हुस्तो जागीच थांबला.

मग तो काउंटरशी परतला आणि वडी खाऊ लागला. अगदी सावकाश. ती संपल्यावर दुसरी मागितली, ती संपल्यावर आणखी एक. लहानपणी त्याला गोड आवडत नसे, जबरदस्तीनं भरवावं लागे. मालकिणीनं हसून काहीतरी विचारलं, त्यानं तोंडात घास असतानाच मान डोलावली. ब्रिहिदा समोरच्या आरशातून त्याचा हलणारा जबडा बघत होती. कोपऱ्यातल्या माणसानं पान उलटलं.

बसचा भोंगा वाजला. बाहेर बायका पिशव्या सावरत पळू लागल्या. ब्रिहिदा उठली. काउंटर आणि टेबलं यांच्यामधली वाट अरुंद होती, आणि त्या वाटेत हुस्तो उभा होता. ती त्याच्या इतकी जवळ आली की तिच्या शालीची झालर त्याच्या बाहीला लागली.

"जरा बाजूला होता का?" ती म्हणाली.

तो बाजूला झाला.

लूर्दला ब्रिहिदा रात्रभर गुडघ्यांवर होती. परतताना पुलावर शिपायानं नावं वाचली, चेहरे पाहिले आणि बस सोडली. नवऱ्याला कोणी हात लावला नाही. आपण सगळ्यांना वाचवलं, असं ती शेवटपर्यंत मानत होती. हुस्तोला सगळं समजलं असणार, असंही. मासळीवाली पुढच्याच वर्षी पकडली गेली आणि निरोप बंद झाले. ब्रिहिदा १९५८च्या हिवाळ्यात गेली. नवरा तिच्यामागून दोन वर्षांनी.

फेलिसानं लग्न केलं, सीमेअलीकडे एररेन्तेरियात लोकरीचं दुकान काढलं. हुस्तो १९७७ला पळून गेलेल्यांना माफी मिळाल्यावर परत आला. तिच्या स्वयंपाकघरात बसून एका संध्याकाळी तो बेनिग्नोबद्दल सांगत होता. बेनिग्नो त्याच्या खोलीतला सोबती, तोही पळून आलेला. बायोनमध्येच वारला, तिथेच त्याला पुरलं. भला माणूस. त्या दिवशी आई दुकानात यायची होती, तेव्हा आधीच जाऊन कोपऱ्यात बस, कोणी पाळतीवर नाही ना बघ, असं त्याला आपणच सांगितलं होतं.

फेलिसाच्या हातातली सुरी थांबली. मग तिनं त्याला पाण्याच्या पेल्याचं सांगितलं, पोलिसाचं सांगितलं, आरशाचं सांगितलं.



"म्हणजे," तो म्हणाला, "तिनं मला ओळखलं होतं."