उडी मारणारा बँडमास्तर

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. बहारीनमधल्या सनाबिसचा एक फ्लॅट. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला. तुमच्या गळ्यात सॅक्सोफोन आहे, आणि समोरची मोठी माणसं तुमच्याकडे बघून हसू दाबतायत.

बारा वर्षांच्या हॅझेलचं त्या शुक्रवारी असंच झालं. तिने गाणं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला ड्रमवर बसलेल्या ऑस्टिनने काठ्या खाली ठेवल्या.

"अगो, अंगाई वाजवतेस काय? ख्रिसमसचा डान्स आहे! लोकं नाचायच्या ऐवजी झोपतील."

हॅझेलचे कान तापले. वसईकरांच्या ख्रिसमस डान्सला दरवर्षी झेवियर अंकलचा बँड असतो. त्यांचा सॅक्सोफोनवाला कायमचा गावी परतला होता, आणि ती रिकामी खुर्ची हॅझेलला हवी होती. यंदा सगळी गाणी एकाच माणसाची वाजवायची, असं अंकलनी ठरवलं होतं. जुन्या काळातला एक अमेरिकन बँडमास्तर, जंप ब्लूज नावाचं नाचाचं संगीत वाजवणारा. त्याच्या गाजलेल्या गाण्यांची एक रेकॉर्ड निघाली होती.

ती रेकॉर्ड हॅझेलच्या घरातच होती. समुद्रावरच्या पुलापलीकडच्या सौदीत, खोबर शहरात, एक कुटुंब सामान विकून मायदेशी निघालं होतं. तिच्या पप्पांनी ती त्यांच्याकडून प्लेअरसकट आणली होती. मग फोनवर शोधायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उन्हाळाभर ती त्या रेकॉर्डच्या जोडीने वाजवत राहिली. गायकाचा आवाज जाड, ठेका रेंगाळणारा. कव्हरवर मात्र बँडमास्तर पाय पोटाशी घेऊन हवेत उडालेला. इतकी सुस्त गाणी वाजवणारा माणूस उडी कशाला मारतोय, याचं तिला नवल वाटायचं.

"आता आम्ही वाजवतो. तू ऐक," झेवियर अंकल म्हणाले आणि त्यांनी ट्रम्पेट उचललं.

गाणं तेच होतं. तिला पाठ असलेलं प्रत्येक वळण त्यात होतं. पण ते धावत होतं, आणि सगळे सूर वर चढले होते. हॅझेलची टाच आपोआप जमिनीवर आपटू लागली. बँडमास्तर हवेत का होता ते तिला कळलं. आपण शिकलो ते सगळं चुकलं, हेही कळलं.

"प्लेअर कुठून आणलात?" बेस गिटारवाल्या शरच्चंद्र अंकलनी विचारलं. ते अस्करच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहेत.

"खोबरहून. पण पप्पांनी ट्रान्सफॉर्मर लावलाय."

"त्याने व्होल्टेज बदलतं गं. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, इकडची पन्नास. जुनी मोटर त्या हेलकाव्यांवर फिरते. तुझी रेकॉर्ड उन्हाळाभर हळू फिरत होती. हळू फिरली की सूरही खाली उतरतात."

ऑस्टिन आता हसत नव्हता.

"तुझी चूक नाही, बाय," झेवियर अंकल म्हणाले. "पण पट्टी बदलली म्हणजे सगळी बोटं बदलली. डान्स तोंडावर आलाय. हॉटेलात सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका दोस्ताला बोलावतो मी. तू पुढच्या वर्षी ये."

"नेक्स्ट इयर आम्ही नसणार, अंकल. पप्पांचा काँट्रॅक्ट जानेवारीत खलास."

झेवियर अंकलनी ट्रम्पेट उगाच पुसलं.

"बरं, मग असं करू. आज तुझ्याच पट्टीत वाजवू. तुझ्यासारखं हळू. एकदा आमच्याबरोबर वाजवलंस असं तरी होईल."

ते प्रेमानेच म्हणाले होते. मुलांनो, तुम्ही काय केलं असतं?

हॅझेलने मान हलवली. "नको. स्लो नका करू. तुम्ही वाजवता तसंच वाजवा."

"अगो, धावत सुटतो आम्ही. सापडणार नाही तुला."

"यल्ला, अंकल, चला."

ऑस्टिनने काठ्या आपटल्या. बँड सुटला. हॅझेलने एक सूर लावला, तो पट्टीबाहेर पडला. दुसरा किंचाळला, तशी ट्रम्पेटच्या मागे अंकलची भुवई वर गेली. तिसरा मात्र बसला. तिने तो सोडला नाही. ऑस्टिनची काठी जिथे जोरात पडायची, तिथेच तिने तो सूर मारला. मध्ये गप्प राहिली, पुन्हा मारला. गाल लाल झाले. आख्खं गाणं तिने त्या एकाच सुरावर काढलं.

गाणं थांबलं. झेवियर अंकल काहीतरी बोलायला गेले.

"अगेन," हॅझेल म्हणाली. आणि दुसऱ्या खेपेला तिच्याकडे दोन सूर होते.