काचेवरचा पंजा

कौमुदीचा पारा चढला होता. जर्मनीत लुडविग्सहाफेनला आल्यावर स्वतः लावलेली तिची छोट्या कोळंब्यांची काचेची टाकी! शेवाळ वाढू नये म्हणून तिने दिवा सहा तासांवर आणला होता, आणि काचेवरच्या हिरव्या थरात आजही आतून कुणीतरी पंजा दाबला होता. त्यात भर म्हणजे आणखी दोन श्रिम्प मेले होते.

“बाबा! लॅबमधले केमिकलचे हात परत पाण्यात घातलेस?”

“नाइन, नाही गं! आल्झो, म्हणजे मी हातही लावलेला नाही.”

“मग आता लाव! ठशाशी जुळव, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!”

बाबाने हसत बाही सरसावली, वरून हात बुडवला आणि पंजा ठशावर ठेवला. त्याची बोटं खाली होती. ठशाची वर होती, तळाच्या वाळूतून कुणी हात वर काढावा तशी.

कौमुदीने त्याचा दंड धरला. “बाबा, हात काढ.”

“काढतोय गं.” बाबा आता हसत नव्हता. “सोडत नाहीये.”