माइकची दांडी

“भाऊजी, आधी ते डोक्यावरचं काढा,” मेव्हणा म्हणाला.

उपप्राचार्यांनी हेडफोन त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवले. या माणसाच्या बोटांना कायम कसली तरी काजळी असते. दहावीच्या गणितात दोनदा आपटला, आणि आता दुरुस्तीचं दुकान टाकून लोकांकडून स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेतो. पण वेळच तशी आली होती. ऑनलाइन मुलाखत सुरू होऊन चार मिनिटं होत नाहीत तोच निवड समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, “सर, तुमचा आवाज पिंपातून आल्यासारखा येतोय. दहा मिनिटं घ्या, नीट करून पुन्हा या.”

प्राचार्यपदासाठी ही त्यांची तिसरी खेप होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

“गाणी ऐकताना हेच हेडफोन छान वाजतात,” ते म्हणाले. “म्हणजे कॉम्प्युटरच भिकार आहे. तुझ्याकडूनच घेतलेला.”

“कॉम्प्युटर चांगलाय, भाऊजी. वायरलेस हेडफोनला ऐकणं आणि बोलणं एकदम झेपत नाही, म्हणून दोन्हीकडचा आवाज उतरतो. ऐकायला हेडफोन ठेवतो आणि बोलायला कॉम्प्युटरचा माइक लावतो. फक्त एक लक्षात…”

“व्याख्यान नको. ते माझं काम आहे.”

मेव्हण्याने दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. तिने नजरेनेच ‘जाऊ दे’ म्हटलं. त्याने दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या, “येतो ताई,” म्हणाला आणि चपला घालून गेला. उपप्राचार्यांनी आभार मानले नाहीत. माकडालासुद्धा चार बटणं दाबता येतात.

आवाज मात्र खरोखरच सुधारला होता. समितीतल्या पाचही जणांचा शब्दन् शब्द कानात स्वच्छ येत होता. उपप्राचार्य रंगात आले. शिस्त, निकाल, नवी प्रयोगशाळा, सगळ्यावर ते भरभरून बोलले. शिक्षकांविषयी बोलताना तर त्यांचा गळा दाटून आला. अध्यक्षबाई मान डोलावत होत्या.

“पाच मिनिटं थांबा, सर,” शेवटी त्या म्हणाल्या. “आम्ही आपसात बोलतो आणि लगेच सांगतो.”

समितीने आपले माइक बंद केले. पडद्यावर नुसते ओठ हलू लागले.

उपप्राचार्यांनी हेडफोनच्या माइकची दांडी वर ढकलली. कॉलेजच्या प्रत्येक ऑनलाइन सभेत ही दांडी त्यांच्या कामी यायची. ती वर केली की माइक बंद व्हायचा आणि मनातलं मोकळेपणी बोलता यायचं.

“काय झालं हो?” बायकोने विचारलं.

“व्हायचंय काय? गाढवं आहेत पाचही. त्या बाईला एक प्रश्न धड विचारता येत नाही. तो कोपऱ्यातला टकल्या तर अर्धा वेळ पेंगत होता. मी त्याला शिपाई म्हणूनही ठेवणार नाही.”

“अहो, हळू.”

“कशाला हळू? आणि शिक्षकांचं ते रडगाणं कसं गायलं, ऐकलंस ना? एकदा खुर्ची मिळू दे, पहिल्याच महिन्यात निम्म्या आळश्यांना घरी बसवतो.”

पडद्यावरचे ओठ थांबले होते. पाचही जण सरळ समोर बघत होते. कोपऱ्यातला टकल्यासुद्धा चांगला जागा दिसत होता.

“बघ, कसे गप्प झाले,” उपप्राचार्य समाधानाने म्हणाले. “एकमत झालेलं दिसतंय.”

त्यांनी टाय सारखा केला, दांडी खाली घेतली आणि चेहऱ्यावर नम्र हसू आणलं. अध्यक्षबाईंनी माइक सुरू केला.

“एकमत मघाशीच झालं होतं, सर,” त्या म्हणाल्या. “तुमचं अभिनंदन कुणी करायचं, एवढंच आम्ही ठरवत होतो, तेवढ्यात तुम्ही बोलायला लागलात.”